विरत्या चुन्यातले अंडे

मांडवी, रत्नागिरी
मार्गशीर्ष शु. ५, शके १८५२

चि. सौ. मालन हीस,

आशीर्वाद शेवटी लिहीन. इकडे सर्व ठीक आहे. तुझी प्रकृती कळवणे. अक्षर वाकडेतिकडे दिसेल, तर टाकाचे टोक मोडले आहे असे समज.

विहीणबाईंचा निरोप पोचला. तुझी आई गेल्यापासून या घरात बाईमाणूस नाही, तेव्हा पहिले बाळंतपण गुहागरलाच होऊ द्या, असे त्या म्हणतात. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण पहिलटकरीण आली नाही, तर त्या घराला माहेर कशाला म्हणायचे? शेजारच्या यमुनाबाई तुझ्यापाशी राहायला तयार आहेत. मऊभात मला येतो. काल करपला, पण येतो.

तुझी खोली पांढरी करायला घेतली आहे. चुना आपल्याच भट्टीतला, शिंपल्या भाजून केलेला. चुन्याची कळी हातात घेतली तर गार दगड, आणि मडक्यात घालून पाणी ओतले की विरताना खदखदायला लागते. लहानपणी तू मडक्याखाली वाकून विस्तव शोधायचीस. मी सांगायचो, भट्टीत खाल्लेली आग कळी पाणी बघून ओकते. परवा शाळेचे मास्तर चुना न्यायला आले होते. ते म्हणाले, कळी आणि पाणी मिळून वेगळाच पदार्थ होतो, आणि त्या जुळण्यात ही उष्णता बाहेर पडते. तुमचे नि माझे एकच, म्हटले, आणि त्यांना पान लावून दिले.

आई तुझ्यासाठी विरत्या चुन्यात अंडे ठेवायची, आठवते? मंगळवारी मडके खदखदू लागले तेव्हा मला राहवले नाही. मीही एक ठेवले. काढायची वेळ झाली तर आईची डवली, ती करवंटीची पळी, कुठे सापडेना. जन्मभर चुना भाजला, पण अंडे नेहमी तीच काढायची. मी फक्त तू खाताना बघत बसायचो. आता जास्त शिजेल म्हणून घाईने हात घातला.

लपवून काय उपयोग. उजवा हात मनगटापर्यंत भाजला आहे. टाक चांगला आहे, मीच डाव्या हाताने लिहितो आहे. यमुनाबाईंनी घागरीवर घागरी ओतून हात धुतला, खोबरेल लावले. वर मला म्हणाल्या, "भावजी, ह्या वयात अंड्यापायी हात भाजलात. आता पोरीला खोटा नाय सांगायचा." वैद्य म्हणतात, बरा होईल, वेळ लागेल.

विहीणबाई म्हणतील, ज्याला स्वतःला सांभाळता येत नाही तो बाळंतिणीला काय सांभाळणार. त्या भीतीने लपवणार होतो. पण खोटे सांगून तुला आणायची नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखव. त्या नको म्हणाल्या तर मी रागावणार नाही. वाईट मात्र फार वाटेल. घर फार रिकामे आहे, मालन.

डवली सापडली. चुलीवरच्या वाशाला खोचलेली होती, आईने ठेवली तशीच. अंडे चांगले शिजले होते. एकट्याला खाववले नाही.

आशीर्वाद राहिला. तो डाव्या हाताने देत नाहीत, म्हणून लिहीत नाही. हात बरा झाला की तुझ्या डोक्यावर ठेवीन. तू इथे आलीस तर इथे, नाहीतर मी गुहागरला येईन.

तोवर आशीर्वाद बाकी असलेला,
तुझा बाबा
रावजी