तुझ्या हीटरचे पैसे

ग्लासगो, मंगळवार

प्रिय आई,

मी इथे मजेत आहे, खोलीही उबदार आहे. तुझा खोकला कसा आहे? शेजारच्या डोलिनामावशींचा फोन आला होता. म्हणाल्या, "तुझी आई घरात कोट घालून बसते. हीटर लाव म्हटलं की म्हणते, सरकारचे पैसे आले की लावीन!"

अगं, म्हाताऱ्या माणसांना थंडीत हीटरसाठी मिळणारे ते पैसे नाताळाआधीच यायला हवे होते! म्हणून आज मीच कचेरीत फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "पाठवले होते, पण खातं बंद असल्यामुळे परत आले."

तुझेही पैसे बाबांच्याच खात्यात जायचे आणि ते मीच बंद केलं. पण बाबा गेल्याचं तू कचेरीला कळवलंच नाहीस ना?

आता ते तुलाच फोनवर सांगावं लागणार, माझं सांगणं चालत नाही. तुला ते बोलवत नाही, हे कळतं मला. आज त्या मुलीने घरी कोण कोण असतं विचारलं, तर मीही म्हणाले, "आई आणि बाबा."

शनिवारच्या बोटीने बेटावर येते. सोमवारी दोघी मिळून फोन करू, तू अडलीस तर मी हात धरीन. तोवर हीटर लाव. भांडायचं असेल तर मी आल्यावर भांड.

तुझीच,
इशबेल