ब्याऐंशी किलो

प्रिय बारके,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझी वहिनी आतल्या खोलीत इस्त्री करते आहे आणि मी जेवणाच्या टेबलावर कोपरं टेकून बसलोय. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. आज मला शेवटपर्यंत बोलायचंय, आणि मध्येच 'दादा, थांब' म्हणायला तू समोर नाहीस, हे फार सोयीचं आहे.

आधी तुझ्या रुग्णाची खुशाली. गेलं दीड वर्ष तू दर फोनला विचारतेस, 'अरे, त्या तुझ्या ओव्हरलोडचं काय झालं?' मी तुला सांगितलं होतं, की आमच्याकडे लिफ्टचा एक मेकॅनिक आहे, वजन एकशे चार किलो, तो लिफ्टमध्ये शिरला की बाकीचे तोंडानेच बझर वाजवतात, म्हणून त्याचं नाव ओव्हरलोड पडलं. तू त्याची केस लगेच हातात घेतलीस. तो सकाळी काय खातो, कामावर डबा नेतो की बाहेर खातो, चहात साखर किती, झोप किती, सगळं खोदून खोदून विचारलंस. मधे त्याचं वजन एक्क्याण्णववर अडकलं आणि दोन महिने काटा हलेना, तेव्हा तू स्वतः दमलेली असून चाळीस मिनिटं बोललीस. 'त्याला सांग, काटा थांबला म्हणजे माणूस थांबला असं नसतं. जिने चढताना धाप कमी लागते का, ते विचार त्याला.' मी म्हटलं, विचारतो. तर बारके, त्याचं वजन परवाच्या सोमवारी ब्याऐंशी भरलं. साखर जागेवर आली, रक्तदाबही. आणि असा दुसरा कोणी माणूस आमच्या कंपनीत नाही. तो मीच.

आता तुझा राग शांत होईपर्यंत मी थोडा वेळ थांबतो.

तू रागावणार याची मला कल्पना आहे, आणि एवढ्याच कारणाने नाही. दीड वर्षात वहिनी दोनदा तुझ्याकडे येऊन राहून गेली आणि मी एकदाही फिरकलो नाही. 'सुट्टी मिळत नाही' म्हणत राहिलो, फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणत राहिलो. पहिल्यांदा तू हसलीस. दुसऱ्यांदा गप्प झालीस. बहीण आजारी असताना भाऊ एका रात्रीच्या प्रवासाला कंटाळतो, असं तुला वाटलं असेल, आणि वाटलं तरी तू ते बोलून दाखवलं नाहीस. ते गप्प राहणं मला जड गेलं. पण मला बघितलं असतंस तर पहिल्या मिनिटात ओळखलं असतंस. आयुष्यभर माणसांची वजनं बघण्यात गेलेली बाई तू. तुझ्यापासून बावीस किलो कुठे लपवणार?

तुला तुझी पहिली नोकरी आठवते का? इस्पितळाच्या तळमजल्यावर, औषधांच्या कोठाराला लागून ती अरुंद खोली. एक टेबल, एक वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि प्लास्टिकची खोटी फळं. मी आलो आणि पोट धरून हसलो होतो. म्हटलं, माणसाला जेवायला शिकवायचा पगार देतात होय? तू फक्त काट्याकडे बोट दाखवलंस. मी काही चढलो नाही त्यावर.

त्यानंतर वर्षाभराने तुमच्याच इस्पितळाची मालवाहू लिफ्ट अडकली आणि आमच्या कंपनीने मला पाठवलं. तुला सांगितलं नव्हतं, काम उरकून एकदम समोर उभं राहायचं ठरवलं होतं. मी लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरून धक्का झेलणारे बफर तपासत होतो, दार उघडं होतं, आणि तू बाहेरच्या बाकावर एका बाईशी बोलत होतीस. तिच्या मुलीला वर्षात तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला होता. ती बाई प्रतिकारशक्तीची कुठलीशी महागडी बाटली घेऊन आली होती आणि ही रोज किती चमचे देऊ, असं विचारत होती. तू तिला हिडीसफिडीस केलं नाहीस. म्हणालीस, 'ताई, ही शक्ती बाटलीत भरून मिळत नसते. ती रोज थोडी थोडी बांधावी लागते. चहा-बिस्किटावर मुलीचं पोट भरतं, पण त्यातून तिच्या अंगाला लढायला काही मिळत नाही.' मग अंडं, मूठभर शेंगदाणे, डाळ, हिरवी भाजी, एखादं फळ, तिला परवडेल असं एकेक तू जोडत गेलीस. लशी राहिल्या होत्या, त्यांची तारीख लिहून दिलीस. आणि शेवटी म्हणालीस, 'तरी ताप आला तर अंगावर काढू नका, तडक इकडे या. जेवण म्हणजे औषध नव्हे.' मी खाली अंधारात पाना हातात धरून उभा होतो. घरात जिला आम्ही बारकी म्हणत आलो, तिचा शब्द ती बाई देवाचा असल्यासारखा ऐकत होती. माझी छाती त्या खड्ड्यात मावेना. वर येऊन तुला हे सांगायचं सोडून मी विचारलं काय, तर इथलं कँटीन कसं आहे.

चार महिन्यांनी तूच फोनवर सांगितलंस, की एका मुलीचं अडीच किलो वजन वाढलं आणि ती शाळेत जायला लागली. एवढंच म्हणालीस. ती कोण, कुठली, मी काही विचारलं नाही. मला माहीत होतं.

आणि मग तुझ्याच किडन्यांनी दगा दिला. लोकांच्या ताटात काय असावं ते ठरवणारी तू, आणि तुला केळं वर्ज्य, भाजी उकळून पाणी फेकून द्यायचं, दिवसाचं पाणी त्या स्टीलच्या छोट्या पेल्याने मोजायचं. आठवड्यातले तीन दिवस डायलिसिस, कामाचे उरलेले तीन दिवस तीच अरुंद खोली आणि तोच वजनकाटा. मी तेव्हा आठवडाभर तुझ्याकडे होतो. तुझ्यासमोर बसून मी दोन वेळा वाढून घेतलं आणि तू मोजून तीन घोट पाणी प्यायलीस. वर मलाच म्हणालीस, 'दादा, सावकाश खा.'

त्याच आठवड्यात मी डॉक्टरांना भेटलो, हे तुला माहीत आहे. रक्तगट जुळला. मग त्यांनी मला काट्यावर उभं केलं, साखर बघितली, रक्तदाब दोनदा मोजला आणि फाइल मिटली. म्हणाले, 'तुम्ही आधी स्वतःच्या किडन्या सांभाळा. आत्ता एक काढली तर काही वर्षांनी तुम्हीच त्यांच्या शेजारच्या खाटेवर असाल.' तुला हे कळलं तेव्हा तू चक्क सुटकेचा श्वास सोडलास. 'बरं झालं. माझं नाव यादीत आहे, येईल नंबर. तू यात पडायचं नाहीस, शपथ आहे.' मी शपथ घेतली नव्हती, मान खाली घातली होती. तू त्याला होकार समजलीस.

परत आल्यावर मी आधी मूर्खपणाच केला. तू ज्या बाटलीवरून त्या बाईला समजावलं होतंस, तिच्याच जातीचा एक डबा घेऊन आलो. वजन घटेल, ताकद वाढेल, सगळं त्यावर छापलेलं. शिवाय जेवण तोडलं. नवव्या दिवशी एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली. आमच्या थोरल्या मिस्त्रींनी मागून पट्टा धरला म्हणून हे पत्र लिहितोय. वहिनीने तो डबा कचऱ्यात टाकला आणि तू रुग्णांना देतेस तो कागद फ्रिजवर चिकटवला. गोल ताटाचं चित्र, अर्ध्यात भाज्या, पाव भागात भात किंवा पोळी, उरलेल्या पाव भागात डाळ, अंडी, मासे. खाली तुझ्या अक्षरात, 'पोट भरलं पाहिजे. उपाशी राहून बारीक होणारा माणूस आधी आजारी पडतो.' तुझं अक्षर माझ्याच स्वयंपाकघरात दोन वर्षं कपाटात पडून होतं.

मग मी ते काम लिफ्टच्या देखभालीसारखं धरलं. लिफ्ट बंद पडल्यावर धावणारा मेकॅनिक कच्चा, ती बंद पडूच नये म्हणून ठरल्या दिवशी तेल घालणारा पक्का. वहिनी माझी निरीक्षक. संध्याकाळी सातला जेवण, कामावर घरचा डबा, गोड फक्त रविवारी, तेही तिच्या हातून. ती माझ्यासाठी वेगळं शिजवत नव्हती, तेच खात होती, आणि तिचे गुडघेही आता कुरकुरत नाहीत. लिफ्ट बंद असली की ती दुरुस्त करणाऱ्याला जिनेच चढावे लागतात. पूर्वी चौथ्या मजल्यावर मी कठड्याला धरून उभा राहायचो. गेल्या महिन्यात हत्यारांची पेटी घेऊन न थांबता अकरावा मजला गाठला. या हिवाळ्यात सर्दी एकदाच झाली. तू म्हणशील एका हिवाळ्यावरून काही सिद्ध होत नाही. बरं, नाही तर नाही. एक्क्याण्णववर अडकलो तेव्हा मात्र सोडून देणार होतो. त्या रात्री तू त्या न पाहिलेल्या ओव्हरलोडसाठी चाळीस मिनिटं बोललीस, आणि फोन ठेवताना तुला धाप लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरून घेतला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. आमच्या इथल्या मोठ्या इस्पितळात माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, महिनाभर चालल्या. कागद तुझ्या डॉक्टरांकडे गेले आहेत. मीच त्यांना गळ घातली होती, की तिला हे मलाच सांगू द्या. गुरुवारी त्यांचा फोन आला. दाता म्हणून मी चालतो. दीड वर्षापूर्वी फाइल मिटणारे हेच डॉक्टर म्हणाले, 'हे तुम्ही कसं केलंत?' मी म्हटलं, 'तुमच्याच तळमजल्यावर एक बाई बसतात, त्यांच्याकडे उपचार घेतले.' वहिनीची वेगळी मुलाखत झाली, तिने तिचा होकार स्वतः सही करून दिला आहे, माझ्या दबावाखाली नाही, तिच्यावर दबाव आणणारा अजून जन्माला यायचाय. कंपनीने तीन महिने जड काम न देण्याचं मान्य केलं आहे. धोका किती, तो मला दोनदा समजावून सांगितलाय आणि मी तो नीट ऐकलाय. आता एकच सही राहिली आहे, तुझी. तू नाही म्हणशील म्हणून मी दीड वर्ष तोंड लपवलं, कारण नुसता एकशे चार किलोचा हट्ट घेऊन तुझ्यापुढे यायचं नव्हतं. हे शरीर तू घडवलेलं आहेस, बारके, ते तपासून घ्यायचा पहिला हक्क तुझा. आम्ही दोघं शनिवारी सकाळी तुझ्या दारात येतोय. हवं तर आधी काट्यावर उभं कर, हवं तर कडकडून भांड. पण सोमवारी आपल्याला डॉक्टरांकडे जायचं आहे, आणि या वेळी मान खाली घालून ऐकायची पाळी तुझी.

तुझाच,
दादा