नाना गटारांचं नाव

प्रिय क्वामेना,

तू तेमाला सुखरूप पोहोचल्याचं कळलं. इथे सुखरूप म्हणावं असं काही उरलेलं नाही. फोनवर मी तोंड उघडलं की तुझं नेटवर्क जातं, म्हणून हे लिहून तेमाच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. आई रडगाणं गाते आहे म्हणून बाजूला टाकू नकोस, पुरतं वाच. मी रडत नाही. मला धक्का बसला आहे आणि तो अजून अंगातून जात नाही.

बाबांना माती देऊन शनिवारी तू लगेच निघालास. रविवारी आम्ही पांढरी वस्त्रं नेसून चर्चमध्ये आभाराची प्रार्थना केली आणि घरी येऊन मांडवात मक्याची केंकी आणि तळलेली मासळी वाढत होतो, तेवढ्यात पाऊस आला. काही जगावेगळा पाऊस नव्हता, दर वर्षी येतो तसाच. पण टेकडीवरून उतरलेलं पाणी मोठ्या गटारातून पुढे गेलंच नाही. आपल्या दारापाशी तुंबलं आणि मग रस्त्यानेच खाली सुटलं. खुर्च्या वाहून गेल्या. खालच्या अंगाला पा जोजोंच्या कुंपणाची भिंत आहे ना, ती बसली. जोजो कोंबड्या सोडवायला धावले होते, भिंत त्यांच्याच अंगावर आली. त्यांची बायको आराबा चिखलात हातांनी विटा उपसत ओरडत होती, “अरे या रे कुणीतरी, माझा म्हातारा खाली आहे!” तो आवाज माझ्या कानातून जात नाही. जीव वाचला त्यांचा. पण कंबरेचं हाड मोडलं आहे, आणि पुन्हा चालतील की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत.

तुला आठवतं ना, आपण इथे राहायला आलो तेव्हा काय होतं? नवी कोरी घरं, रंगीत फाटकं, आणि बिल्डरने पाण्यासाठी ठेवलेली वीतभर चर. तुझ्या बाबांनी आयुष्यभर सरकारी नोकरीत गटारंच बांधली होती, त्यांना ती चर बघून झोप येईना. घरोघरी जाऊन भांडले. प्रत्येकाला आधी आपलं कुंपण हवं होतं, पाणी कुठून जाणार हे शेजाऱ्याने बघावं. शेवटी सगळ्यांना फावडी घेऊन रस्त्यावर आणलं आणि टेकडीपासून पार खाजणापर्यंत गटार खणून, बांधून घेतलं. काठी घेऊन रोज तपासायला निघाले की बायका हसायच्या, “उठा गं, नाना गटार आले! कचरा आत घ्या!” आपल्याकडे राजाला नाना म्हणतात, तसं. त्यांना ते आवडायचं, मला माहीत आहे. म्हणायचे, “माझं गटार असेपर्यंत कुणाच्या उंबरठ्याला पाणी लागलं, तर माझं नाव बदला.”

आता बदललं आहे. आता ते ‘एबो थापाड्या’ झाले आहेत. पाण्याच्या नळावर मी गेले की बायका पाठ फिरवतात. हॉस्पिटलात जोजोंना भेटायला गेले, तर वर्षानुवर्षं ज्यांच्याबरोबर तुझे बाबा रोज ओवारेच्या खेळाचा पट मांडून बसायचे ते जोजो भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “वहिनी, एबोने मला फसवलं. त्याच्या गटाराच्या भरवशावर मी भिंतीचा पाया उथळ ठेवला.” मी बोलायला तोंड उघडलं, तर तुझ्या आत्याने माझा दंड असा दाबला की अजून काळानिळा आहे. बाहेर आल्यावर म्हणाली, “भाऊ तर गेला. त्याच्या नावाचं काय घेऊन बसलीस? पोराला जगायचं आहे अजून.”

कारण सोमवारी आम्ही दोघींनी ते पाहिलं होतं. मांडववाला फिफी खांब काढायला आला, त्याने दारासमोरचा लाल गालिचा उचलला, आणि खाली गटारात लाल मातीची पोती. ठासून भरलेली. सगळ्यांना वाटत होतं खाली फळ्या असतील. रीतीप्रमाणे मी आतल्या खोलीत प्रेताशी बसून होते, निघाले तेव्हा दोघींनी धरून नेलं, मला पायाखालचं काय दिसणार? फिफी हात जोडून म्हणाला, “मावशी, मी नको म्हणत होतो. तुमच्या मुलानेच बुजवायला सांगितलं. शवपेटीची गाडी थेट दारापर्यंत आली पाहिजे म्हणाला, पावसाला वेळ आहे म्हणाला.” बापाची पेटी मुलांनी आणायची, ती तू आणलीस, आणि अशी आणलीस की सगळी वसाहत बघत राहिली. मला अभिमान वाटला होता रे. पण तुझ्या आजीची पेटी बाबांनी फळ्यांवरून, खांद्यावर आणली होती. ती काय कमी मानाने गेली?

तर आता लिहायचं कारण. या रविवारी चर्चनंतर वसाहतीची सभा आहे. गटार बिनकामाचं निघालं, तेव्हा ते कायमचं बुजवून गाड्या लावायला जागा करायची, असं ठरवणार आहेत. सगळ्यांचा होकार आहे. पुढच्या पावसात आणखी कुणाची भिंत बसेल ते त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे आणि तुलाही. तू शनिवारी ये. आधी जोजोंच्या खाटेशी बस आणि तुझ्या तोंडाने सांग, मग सभेत सांग. तुझ्या लेकाला तू एबो नाव दिलं आहेस, ते त्याने मान वर करून सांगावं असं वाटत असेल तर ये. नाही आलास, तर सुतकातल्या विधवेने सभेत बोलू नये ही रीत मोडून मी उभी राहीन आणि तुझं नाव घेईन. आत्याने ती पोती केळींच्या मागे लपवली आहेत. त्यातलं एक सभेत न्यायचं आहे. पण ते ओलं आहे, फार जड आहे. माझ्या एकटीच्याने उचलणार नाही.

तुझीच,
आई