जातंय ते भरून काढू

अहो,

काल नितीनचा रिपोर्ट आला, म्हणून लिहायला बसले. आपल्या लेकाच्याही लघवीतून प्रोटीन जातंय. शुगर आहे हे त्याने मला सांगितलंच नव्हतं. तुमचाच मुलगा!

आणि हिंजवडीच्या ऑफिसातून येताना काय घेऊन आला असेल? प्रोटीन पावडरचा डबा! "आई, जातंय ते भरून काढायला नको का?" अहो, शब्दन् शब्द तुमचा!

तुमचा असाच रिपोर्ट आला तेव्हा तुम्हीही दवाखान्यातून परस्पर मंडईत गेला होतात. मटकी, हरभरे, वाटाणे, पिशवी भरून. रोज दुसऱ्यांदा उसळ वाढून घ्यायचात. मी अडवलं की, "शाळा सुटली, बाई!" म्हणायचात. जन्मभर जीवशास्त्र शिकवलं मी, पण घरात माझं ऐकतंय कोण?

खरं तर तुम्ही होतात तेव्हा मलाही पुरतं ठाऊक नव्हतं. आता नितीनसाठी वाचते आहे. मूत्रपिंडातल्या गाळणीवरच्या पेशी खालच्या पडद्याला घट्ट धरून असतात. धरून ठेवणारी खास प्रथिनंच असतात त्यांच्याकडे. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की ती पकड सैल होते, पेशी सुटतात आणि लघवीतून वाहून जातात. मग उसवलेल्या गाळणीतून रक्तातलं प्रोटीन निसटतं. रक्तवाहिन्यांच्या आत मात्र उलटाच प्रकार! तिथे चिकटवणारी दुसरी प्रथिनं वाढतात, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात, आत शिरतात, सूज येते. धरायचं तिथे सुटतं आणि नको तिथे चिकटतं. ताटातली उसळ हे कसं सांधणार होती हो? गाळणीवरचं ओझं मात्र वाढलं.

राग येतो मला तुमचा. डायलिसिस सुरू झालं तरी तेव्हा बंगळूरला असलेल्या नितीनला "बाबांच्या पाठीचे उपचार चाललेत" असं सांगायला लावलंत. वर तुमच्या गळ्याची शपथ घातलीत! त्याला काळजी नको म्हणे. पण हे दुखणं त्याच्याही वाट्याला येऊ शकतं, हे त्याला कोणी सांगायचं?

आज सकाळी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. शपथ मोडली. तो मग म्हणाला, "आई, बाबा घाबरले होते का गं?"

"हो रे. फार." तुम्ही कधी कबूल केलं नाहीत, पण डायलिसिसची सुई टोचताना माझा हात सोडायचा नाहीत. मला रडूच कोसळलं.

डॉक्टर म्हणतात, अजून सुरुवात आहे. साखर, रक्तदाब ताब्यात ठेवले, औषधं नीट घेतली, तर बरंच सांभाळता येईल. प्रोटीन किती खायचं तेही तेच ठरवतील. डबा नितीनने स्वतःच दुकानात परत केला.

डॉक्टरांना भेटायला गेलो की तुम्ही मला दर वेळी बाहेरच्या बाकावर बसवायचात आणि "काही नाही, नेहमीचंच" म्हणत केबिनमधून बाहेर यायचात. शनिवारी मी नितीनबरोबर आत जाणार आहे. "आई, तू बाहेर थांब" म्हणाला तरी खुर्ची सोडणार नाही. हा माझा शब्द.

तुमची,
सुनंदा