बागेवाली आजी कोण, तुम्ही की मी?

प्रिय विहीणबाई,

सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांगा बघू? गोदाक्काच! समोरच्या घरची. चुलीवर दूध उतू गेलं तरी तिला कळत नाही, पण गल्लीच्या तोंडाशी कोण वळलं ते बरोबर कळतं. धापा टाकत आली आणि उंबऱ्यातूनच ओरडली, "काशीअक्का, अगं मुन्सिपालटीची दोन माणसं तुजं घर इचारत्यात! एकाच्या डोक्याला पागोटं, एकाच्या डोळ्याला चष्मा!" मला वाटलं, झालं, घरपट्टी वाढली नाहीतर प्लेगाची टोचणी आली. ह्यांना सांगायला गेले, तर हे म्हणाले, "मी झोपलोय म्हणून सांग," आणि खरंच भिंतीकडं तोंड करून पडले. असला पुरुष घरात!

वर "प्रिय" लिहिलंय ते बनूनं सांगितलं म्हणून. फार अर्थ काढू नका. आपल्या दोघींत प्रिय काय होतं? एक बनू. तुमच्या लेकीची लेक, माझ्या लेकाची लेक, आणि दोघींचा जीव तिच्यात. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, तिच्याच पाटीवर शिकले. तुम्हाला तेवढंही येत नव्हतं, म्हणजे ह्या एका बाबतीत मी पुढं. बाकी सगळीकडं तुम्हीच. मेलात तेसुद्धा माझ्या आधी, कपाळभर कुंकू लावून! मी वयानं मोठी, वरमाय, अहेव जायचा मान आधी माझा नव्हता का?

आज लिहायला बसले ती त्या दोन माणसांपायी. एवढी मोठी गोष्ट घडली, पोटात मावेना. आणि सांगावं तर जो तो म्हणतो, "रखमाबाई असत्या तर लई हरखल्या असत्या." म्हटलं, मग मधे हे लोक कशाला? थेट रखमाबाईंनाच सांगते.

तर दोघं आले. चष्मेवाला दारातूनच म्हणाला, "बनूची आजी इथंच राहते ना? ती बागेवाली आजी?" काय सांगू तुम्हाला, मी अशी फुलले! पदर सारखा केला, घोंगडी झटकून अंथरली, म्हटलं, "व्हय, मीच बनूची आजी. बसा की." सूनबाईला चहा टाकायला सांगितला, साखर जास्त घाल म्हणून डोळ्यांनी खुणावलं. चष्मेवाला मांडी घालत म्हणाला, "बरं झालं भेटलात, रखमाबाई!"

माझ्या दारात, माझ्या घोंगडीवर बसून, तुमचं नाव!

पागोटेवाला बाहेर जोडे काढून मागनं आत आला, तोवर चहाही आला. मी सांगितलं, त्या माझ्या विहीण, संक्रांतीनंतर गेल्या. तर पागोटेवाल्यानं तोंडाशी नेलेला कप तसाच खाली ठेवला आणि दोघंही म्हणाले, "अरेरे." परकी माणसं ती! मी गेल्यावर आमची गोदाक्का तरी अरेरे म्हणेल का, असं मनात आलं. आलं ते आलं, लपवून काय करू?

मग कळलं काय झालं होतं ते. मागच्या थंडीत तुम्ही ह्या पागोटेवाल्याला बागेत गाठलंत म्हणे. "ही बाग हाय का कचेरी? हितं बसू नका, तितं चालू नका, त्याला हात लावू नका. मानसानं काय उबं ऱ्हाऊन नमस्कार करायचा?" तो कमिटीचा मेंबर निघाला. मी असते तर पाय धरले असते, आणि तुम्ही त्याला बोलून घेतलंत! आणि तो रागवायचा सोडून तेव्हापासून ते सगळ्यांना सांगत फिरला. म्हणाला, "आजी, खरंच आहे हो. गुलाब लावले, बँडसाठी चौथरा बांधला, तारेचं कुंपण घातलं. संध्याकाळी बघावं तर पेन्शनीतले चार जण काठ्या टेकत फिरतायत. पोरं नाहीत, बायका नाहीत. बाग हसती कशी करावी, ते त्या आजींना विचारू म्हणून आलो. माळी म्हणाला, त्या रखमाबाई, बनूची आजी म्हणून शुक्रवार पेठेत विचारा."

बनूची आजी! तुमच्या नावावर चढली की हो ती पदवी. मी रोज तिची वेणी घालते, तिची खरकटी ताटं उचलते, आणि बनूची आजी कोण, तर बाळीवेशीतून चालत येणाऱ्या तुम्ही.

मग मीही पदर खोचला. म्हटलं, त्या नाहीत म्हणून काय झालं, मला विचारा. बागेतली ती लोखंडी बाकडी, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं. लेकीसुना बसल्या की टांगेवाले माना वळवून बघतात. त्यावर मांडी घालता येत नाही, पाय लोंबून सुजतात. त्यापेक्षा मधल्या निंबाला पार बांधा, ऐसपैस. आणि पोरांच्या झोक्यावर ती पाटी कसली, मोठ्यांनी बसू नये? का बसू नये? म्हातारीला झोका नको वाटतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला? पंचमीला माहेरवाशिणी झाडाला दोर टाकतात, आता पेठेत झाडं कुठं राहिलीत? बागेतल्या निंबाला मोठा झोका टाका, बायकांसाठी.

पागोटेवाला हसून म्हणाला, "तुम्ही बसाल, आजी?"

"बसते कशाला? उभ्यानं चढवीन!"

तर भिंतीकडं तोंड केलेले हे आतून म्हणाले, "आणि पारावर सोंगट्यांचा पट काढा, दगडात कोरून!" झोपलेला माणूस, बरं का! चष्मेवाला एवढा हसला की चहा सांडला. मी अशी खूश झाले होते विहीणबाई, माझ्या तोंडातलं एकेक बोलणं मोठी माणसं माना डोलवून ऐकत होती.

पण खरं कशासाठी मागत होते मी? म्हाताऱ्यांसाठी नव्हे हो. बनूसाठी. तुम्ही गेल्यापासून पोर बागेचं नाव काढत नाही. एका रविवारी मीच घेऊन गेले, गरम फुटाणे घेऊन दिले. बाकड्याच्या कडेला बसून गंज खरवडत राहिली आणि म्हणाली, "आजी, जायचं का घरी?" तुमच्याबरोबर असली की घरी यायचं नाव नसायचं! मला वाटलं, तिथं असं काहीतरी असावं, झोका म्हणा, पार म्हणा, की ती आपण होऊन माझा हात धरून निघेल. पूर्वी माझा हात धरून निघायची, पण तुम्ही फाटकाशी दिसलात की हात सोडून पळायची. असा हिसका द्यायची की माझ्या बांगड्या वाजायच्या. मग त्या रिकाम्या हाताचं काय करावं ते कळेना, मी तो पदराखाली घ्यायची.

आणि तुमची ती शेंगांची चटणी! उखळात कुटलेली, लाल, तेल सुटलेली. कडक भाकरीवर घालून द्यायचात, आणि पोर नाक पुसत पुसत खायची. मी तशीच करून दिली तर म्हणते, "ही बागेतली नाही." आता चटणीला बाग कुठून आणू?

एक गोष्ट मात्र मला तुमची कधी पटली नाही, आज बोलते. लेकीला मुलगा होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. मान्य. रीत आहे. माझी आईसुद्धा माझ्या दारातून कोरड्या घशानं परत गेली, मी आत जाऊन रडले होते. पण बागेत कोण बघत होतं? माझ्या घरात घोटभर घेता येत नाही, म्हणून तर तुम्ही बाग शोधलीत लेकीला आणि नातीला भेटायला. एका दुपारी मी सूनबाईच्या हाती वाळा घातलेलं गार पाणी पाठवलं. तुम्ही तांब्या परत पाठवलात. भरलेला! मी तो तुळशीला ओतला आणि सूनबाईला म्हटलं, "तुज्या आईला लई ताठा हाय." आणि ताठाच वाटायचा की! पोर पदर ओढायची, "थांब ना, थांब ना," पण गिरणीचा भोंगा झाला की तुम्ही उठून चालू पडायचात.

तर मी त्या दोघांना झोका समजावून सांगत होते, केवढा दोर, केवढी फळी. बनू दाराच्या चौकटीला टेकून उभी. मधेच म्हणाली, "नळ पाहिजे."

मी म्हटलं, "तू गप. मोठी माणसं बोलतायत."

"बागेत पाण्याचा नळ पाहिजे. रखमाआजी तहानेनं घरी जायची."

चष्मेवाल्यानं तिला जवळ बोलावलं. ती म्हणाली, "चटणी तिखट असायची ना, म्हणून तिनं घरून आणलेला तांब्या मीच सगळा प्यायची. ती म्हणायची, मला नाही लागत. पण गोष्ट सांगताना तिची जीभ वाजायची, टक टक, टाळूला चिकटून. मग भोंगा झाला की जायची. नळ असता तर थांबली असती."

आत चुलीपाशी तुमच्या लेकीनं तोंडाला पदर लावला. ह्यांनी भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं.

मला एकदा सांगायचं नाही का, विहीणबाई? मी म्हटलं असतं, माझ्या घरचं नको तर गोदाक्काच्या आडाचं पाठवते, तिच्याकडं तुमची लेक दिली नव्हती! कोरड्या जिभेनं गोष्टी सांगत बसलात, आणि तशाच बाळीवेशीपर्यंत उन्हातून चालत गेलात. आणि इथंही बघा, माझ्या पुढंच. मी पोरीला दूध घातलं, तूप घातलं, पायात चांदीचे वाळे घातले, आणि तिच्या ध्यानात काय राहिलं? तुम्ही न प्यालेलं पाणी! ह्याच्या वरचढ मी काय करू, तुम्हीच सांगा.

पागोटेवाला खाकरला. म्हणाला, "नळ म्हटला की वाद येतात, आजी. कोण पिणार, कुणी कुणाच्या आधी, कुणी शिवायचं, कुणी नाही..."

मी म्हटलं, "माजी विहीण माज्या घरचं पाणी न पिता मेली. आता कोन कुनाचं पाणी पीत नाही, ते मला ऐकवू नका. नळ बागेचा. ज्याला तहान लागंल तो पिईल."

हे शब्द माझ्या तोंडून निघाले, पण आवाज तुमचा होता, असं गोदाक्का म्हणते. ती दाराआड उभी होती, हे काय सांगायला पाहिजे? आज त्याचाही राग आला नाही. थोडाच आला.

पागोटेवाला लगेच हो म्हणाला नाही. चष्मेवाल्याशी हळूच काहीतरी बोलला. मग म्हणाला, "पार आणि झोका करतोच. नळासाठी भांडावं लागेल, भांडतो. पण नळ नक्की कुठं हवा?"

"मी दाखवते," बनू म्हणाली. "आजी बसायची तितं." आणि मग, देवाशपथ सांगते, माझा हात धरला आणि म्हणाली, "तू पन चल. तुला जागा म्हाईत न्हाई. आणि चटणी आण."

तिला बागेत यायचंय, विहीणबाई! माझ्याबरोबर! तुमच्या जागेसाठी का होईना, माझा हात धरून. लई हसू येतंय मला, आणि तुमचा हेवाही तेवढाच वाटतोय. दोन्ही एकाच पोटात राहतं की नाही, तुम्हाला ठाऊक असेल.

एक शब्द देते. ह्या वेळची चटणी तुमच्यापेक्षा चांगली करीन, खोटं कशाला बोलू, जिंकायलाच करीन. पण ज्या दिवशी नळाला पाणी येईल, त्या दिवशी पहिली ओंजळ बनू तुमच्या नावानं त्या निंबाच्या मुळाशी सोडेल, मी शेजारी उभी राहीन. ते पाणी लेकीच्या घरचं नाही, माझ्याही घरचं नाही, मुन्सिपालटीचं आहे. आता तरी प्या.

ते दोघं नळवाल्याला घेऊन निंबाखाली येतो म्हणालेत, पंचमीच्या आदल्या दिवशी, भोंगा झाला की.

बनूची दुसरी आजी,
काशी