कान

भागवतदादा,

नवऱ्यानं मारलं म्हणून मी माहेरी आले, तर तू त्याच दिवशी मला वडवणीच्या यष्टीत बसवून परत धाडलंस. तवापासून नऊ पंचम्या झाल्या, मला न्यायला कुणी आलं न्हाई.

इथं देवळात सकाळी बायांचा योगा असतो. शवासनात योगाच्या बाई म्हणतात, कानबी सैल सोडा. आपण मेंढरं राखणारे. डोळे मिटले तरी आपला कान जागाच. माझा यष्टीकडं असायचा.

उद्या पंचमी. आज शवासनात माझा डोळा लागला. यष्टी येऊन गेली, मला कळलंबी न्हाई. उठून लई रडले.

हे पत्र टाकणार न्हाई. टाकलं की पुन्हा वाट बघत बसंन.

तुझी,
वनमाला