पहारेकरी आणि श्रीकार

सौंसर, दसऱ्यानंतरचा मंगळवार

प्रिय उर्मिला,

तुझं कार्ड मिळालं. 'तीर्थरूप'च्या जागी नुसतं 'ती.' पाहून शोक अनावर झाला. शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलं, ते लेकीनं बापाला एका टिंबात गुंडाळावं म्हणून नव्हे. हा खटला दिवाळीला तू आलीस की चालवू.

आता बातमी. तुझ्या बहिणीची, जयूची नोकरी वाचली. ती जाणार होती हे मला जयूनं सांगितलं नाही. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाच्या रांगेत संत्रा सोसायटीचे अध्यक्ष वसंतराव भेटले, त्यांनी सांगितलं. सोसायटीचा काँप्युटर फोनच्या तारेवरून नागपूरचे भाव आणतो. दसऱ्यापासून तो नागपूरला दारातच अडवू लागला. भाव कळेना, संत्री पांढुर्ण्याला पडून, आणि काँप्युटर चालवणारी आपली जयू. सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर दुसरा माणूस पाहायचा, असं कमिटीनं ठरवलेलं.

काल, सोमवारी, मी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसलो. मदतीला नव्हे, नुसताच. जयू काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करून राहिली होती, आणि जरा अक्षर चुकलं की यंत्र तिला फटकन सुनावत होतं. इतका उद्धट विद्यार्थी माझ्या वर्गात टिकला नसता. त्या यंत्रात एक पहारेकरी प्रोग्राम आहे. कोणाचा फोन आत घ्यायचा याची यादी तो वरून वाचतो. पहिलीच ओळ कळली नाही तर कोणालाच घेत नाही. शेवटी जयूनं ती यादीच पडद्यावर काढली. माथ्यावर इंग्रजी अक्षरांत 'श्री'. दसऱ्याला जयू रजेवर असताना वसंतरावांनी यंत्राची पूजा केली, आणि सापडेल त्या यादीवर भक्तिभावानं श्रीकार टाकला.

वसंतराव हळूच म्हणाले, "श्री खोडू नको बाई. अपशकुन होते."

जयूनं खोडला नाही. त्याच्या आधी एक खूण टाकली. ती दिसली की पहारेकरी समजतो, ही ओळ माणसांसाठी आहे, आणि ती सोडून पुढे वाचू लागतो. श्री जागेवर, नागपूर आत. भाव उमटले तेव्हा मी किती तरी वेळ चष्मा पुसत होतो. वसंतरावांनी पेढे आणवले, यंत्रालाही एक ठेवला.

पण पत्र त्यासाठी नाही. इतके दिवस जयू घरी येऊन हसत भाकरी थापत होती. विचारलं तर म्हणे, सगळं ठीक चालून राहिलं बाबा. तुमची आई होती तेव्हा तिला सांगायची. आता कोणाला सांगते ते मला माहीत नाही, आणि त्याचीच काळजी वाटते. तुला सांगत असेल, तर काय ते मला कळवू नकोस. सांगते, एवढंच कळव.

तुझाच,
बाबा